फोटो आधी, मग सुरी

(टाकीतल्या कासवाचं डोकं वर येतं. ‘फुस्स’ ऐकू येऊ द्या, मग निवेदन.)

कासवाला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. जाळ्यात अडकलं की तेवढंच जमत नाही आणि समुद्रातला प्राणी समुद्रातच बुडून मरतो.

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली ही मुलं. विरारहून लोकलने डहाणू रोड, तिथून रिक्षाने पारनाका. कासव त्यांना नवीन नाही. कासवाचा दवाखाना नवीन आहे. वनविभाग आणि इथली प्राणिमित्र संस्था मिळून तो चालवतात.

ही ऑलिव्ह रिडले. पुढच्या डाव्या पायाच्या मुळाशी ती खाच बघा. नायलॉनचा दोर कातडीत रुततो, रक्त पुढे जात नाही, वल्ह्यासारखा पाय काळा पडतो. मग तो कापावाच लागतो.

पाठीवरचे पांढरे खडे म्हणजे बार्नेकल, चिकटून राहणारे कवचाचे छोटे समुद्री जीव. थोडे सगळ्याच कासवांवर असतात. इतके दाटले, म्हणजे हे बरेच दिवस नुसतं तरंगत होतं. फुप्फुसाला संसर्ग झाला किंवा पोटात गॅस धरला की बुडी मारता येत नाही. गोड्या पाण्यात ठेवलं की खडे मरतात, सैल होतात. पावसाळ्यात अशी कासवं किनाऱ्याला लागतात आणि माणसं मायेने त्यांना परत पाण्यात ढकलतात. कृपा करून ढकलू नका. वनविभागाला कळवा.

(कापून काढलेल्या जाळ्यांचा ढीग. मुलगा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, बोटं घालतो.)

“हे पापलेटचं,” तो म्हणतो. मापायला त्याला पट्टी लागत नाही. मग खरा प्रश्न येतो: “बाबांनी जाळं कापलं, तर पैसे कोण देणार?”

सरकार. डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात ही योजना आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळं फाटलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो लागतो. बोटीवर मोबाइल असतोच. ही गोष्ट प्रत्येक बंदरावर, बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला माहीत हवी.

पाय गेलेली काही कासवं समुद्रात परततात, काही नाही.

(पुन्हा टाकी. निवेदन नाही. मुलांचे चेहरे, श्वासाचा आवाज.)

“आधी फोटो की आधी कापायचं?”

“फोटो. एकच. मग सुरी.”