कपाटामागची भिंत

(कपाट पुढे सरकतं)
कुबट वास बरेच दिवस येत होता. तो कुठून येतोय, ते आज दिसलं. काळे-हिरवट ठिपके, मधेमधे राखाडी लव, सुटलेले रंगाचे पोपडे. भिंतीला बुरशी धरलीय.

(सूक्ष्मदर्शक)
हे दोऱ्यासारखे तंतू म्हणजे तिचं शरीर. टोकाला झाडूसारख्या फुटलेल्या मण्यांच्या माळा दिसतात ना, ती पेनिसिलियम नावाची बुरशी. एकेक मणी म्हणजे एकेक बीजाणू, बुरशीचं जणू बी. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या तीन-चार भागांएवढा. जरा वारा लागला की सुटतो आणि तरंगत राहतो. बीजाणू प्रत्येक घरात असतात, स्वच्छ घरातसुद्धा. खायला त्यांना कागद, लाकूड, गोंद, धूळ काहीही चालतं. त्यांचं अडतं ते फक्त पाण्यावाचून.

(वेगवान चित्रण, भिजलेला जिप्सम बोर्ड)
पाणी मिळालं. बीजाणू फुगला, कोंब फुटला, तंतू बोर्डावरच्या कागदात शिरले. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत पूर्ण वाळली, तर बुरशी सहसा धरत नाही. हा बोर्ड वाळू दिलेला नाही.

(काचेवरचे थेंब)
दर वेळी नळच गळत असतो असं नाही. आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास. ही दमट हवा थंड भिंतीला लागली, की या काचेसारखीच भिंतही घामेजते. कपाटामागे वारा फिरत नाही, तिथली ओल वाळत नाही.

(रंगाचा रोलर)
कृपा करून हे करू नका. रंगाखाली ओल तशीच राहते.

(तीच भिंत, पुन्हा ठिपके. इथे निवेदन नाही)

(झोपलेलं मूल, उशाशी इनहेलर)
शिंका, खोकला, दम्याचा जोर. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना फुप्फुसाचा संसर्गही होऊ शकतो.

(ब्रश, बादली)
आधी पाणी कुठून येतं ते शोधून बंद करायचं. मग खिडकी उघडी, तोंडाला मास्क, हातात मोजे. साबणाच्या पाण्यानं घासून भिंत कोरडी करायची. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, म्हणून नुसतं बुरशीनाशक फवारून भागत नाही. पोखरलेला बोर्ड टाकूनच द्यावा लागतो. ब्लीच वापरलंत, तर त्यात दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

(आर्द्रतामापक)
काटा 60 टक्क्यांच्या खाली हवा, 30 ते 50 मध्ये असला तर उत्तम. आंघोळ झाल्यावरही एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालू राहू द्या.

(कपाट परत जागेवर)
या वेळी भिंतीला चिकटून नाही. मधे हात जाईल एवढी फट ठेवलीय.