भुवया नसलेले घर

श्रोतेहो, नमस्कार.

घराच्या दर्शनी बाजूवरची नक्षी खरी की खोटी, या प्रश्नावरून विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना या राजधानीत वास्तुकार, वर्तमानपत्रे आणि महापालिका यांची चांगलीच जुंपली होती. त्या वादातल्या तीन इमारतींविषयी आज बोलणार आहे.

वादाचे मूळ जुने होते. १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफ याने शहराभोवतीचा तट पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या जागेवर रिंगस्ट्रासे हा रुंद, वळसा घालणारा रस्ता तयार झाला. त्याच्या कडेला संसदभवन उभे राहिले ते ग्रीक देवळाच्या थाटात, नगरभवन मध्ययुगातल्या गॉथिक धाटणीचे आणि विद्यापीठ रेनेसान्स काळातल्या प्रासादासारखे. भाड्याने द्यायच्या इमारतींनीही राजवाड्याचे सोंग घेतले. आत विटांच्या भिंती आणि बिऱ्हाडे, बाहेर गिलाव्यात काढलेले खांब आणि कोनाडे.

या उसन्या वेषाला कंटाळलेल्या कलावंतांनी ३ एप्रिल १८९७ रोजी जुन्या कलासंघाशी फारकत घेऊन ‘सेसेशन’ ही नवी संस्था काढली. चित्रकार गुस्ताव क्लिम्ट तिचा पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी वास्तुकार योझेफ मारिया ओल्ब्रिख याने संस्थेसाठी जे प्रदर्शनगृह बांधले, ती आपली पहिली इमारत. तिच्या पांढऱ्या, जवळजवळ कोऱ्या भिंतींवर सोनेरी मुलामा दिलेल्या लोखंडी लॉरेल-पानांचा पोकळ घुमट आहे. दारावर ‘काळाला त्याची कला, कलेला तिचे स्वातंत्र्य’ असे ब्रीद कोरलेले आहे. व्हिएन्नाच्या लोकांनी ब्रीदाकडे दुर्लक्ष करून घुमटाला ‘कोबीचा गड्डा’ म्हणायला सुरुवात केली. नाव इतके चपखल आहे की एकदा ऐकले की पुन्हा तिथे लॉरेलची पाने दिसत नाहीत.

दुसरी इमारत वास्तुकार ओट्टो वाग्नर याची. हा मनुष्य मला अधिक विलक्षण वाटतो, कारण पन्नाशीपर्यंत तो स्वतः जुन्याच धाटणीची घरे बांधत होता आणि त्यानंतर त्याने आपला मार्ग बदलला. त्याच्या टपाल बचत बँकेचा पहिला टप्पा १९०४ ते १९०६ या काळात बांधून झाला. भिंती विटांच्या आहेत आणि त्यांवर संगमरवराचे पातळ तक्ते बसवलेले आहेत. दगड भार पेलतो आहे असा आव न आणता, तो केवळ बाहेरचे आवरण आहे हे वाग्नरने उघडपणे दाखवले. प्रत्येक तक्त्यावर लोखंडी बोल्टची डोकी दिसतात आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या टोप्या घातलेल्या आहेत. ॲल्युमिनियम तेव्हा बांधकामात नवखेच होते. आतल्या मुख्य दालनाचे छत काचेचे आहे, जमिनीतही काचेच्या विटा बसवल्या आहेत, म्हणजे वरून आलेला उजेड खालच्या मजल्यावर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. गरम हवा सोडणारे ॲल्युमिनियमचे खांब भिंतीत न लपवता दालनातच उभे केले आहेत.

आता यातली गंमत पाहा. तक्ते मुख्यतः चुन्यासिमेंटच्या थरानेच धरून ठेवलेले आहेत. तो थर सुकल्यावर बोल्टांचे काम जवळपास संपले होते. तरीही ते राहिले, ओळीने, उन्हात चमकत. बांधकाम कसे झाले हे सांगणारा बोल्टच इथे नक्षी होऊन बसला.

तिसरी इमारत वास्तुकार आडोल्फ लोस याची. त्याला रिंगस्ट्रासेची जुनी नक्षी जितकी नावडती, तितकीच सेसेशनवाल्यांची नवी वेलबुट्टीही. अलंकरणाला गुन्हा ठरवणारे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन दोन दर्जांचे आहे. नक्षीत कारागिराचे श्रम वाया जातात, त्याला मोबदला कमी मिळतो आणि वस्तू झिजण्याआधीच तिची फॅशन जाते, हा त्याचा आर्थिक मुद्दा आजही दमदार वाटतो. गोंदवून घेणाऱ्या, न्यू गिनी बेटावरच्या पापुआ लोकांना त्याने संस्कृतीच्या खालच्या पायरीवर बसवले, तो भाग मात्र निव्वळ वसाहतवादी अहंकाराचा आहे.

सम्राटाच्या राजवाड्यासमोर, मिखाएलरप्लाट्झ चौकात, लोसने एका शिंपी पेढीसाठी १९०९ ते १९११ या काळात इमारत बांधली. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर ना महिरप, ना कंगोरा. पांढऱ्या भिंतीत नुसते चौकोन. लोक तिला ‘भुवया नसलेले घर’ म्हणू लागले आणि १९१० साली महापालिकेने काम थांबवले. लोस मागे हटला नाही. त्याने पुढच्या वर्षी भरगच्च सभागृहात आपल्या घराची जाहीर बाजू मांडली. पण याच घराच्या खालच्या मजल्यांवर हिरव्या लाटांसारख्या शिरांचा ग्रीक संगमरवर लावलेला आहे आणि दारापाशी त्याच दगडाचे चार भव्य खांब आहेत. इमारतीचा भार काँक्रीटच्या सांगाड्यावर आहे. हे खांब काहीही पेलत नाहीत. अलंकरणाच्या सर्वांत कडव्या विरोधकाने नक्षी काढून टाकली खरी, पण तिची हौस दगडाच्या अंगच्या रंगरेषांतून पुरवून घेतली.

महापालिकेशी तडजोड अखेर फुलझाडांवर झाली. लोसने काही खिडक्यांखाली ब्राँझच्या कुंड्या बसवल्या आणि काम पुढे सुरू झाले.

नमस्कार.