मर्ढेकरांचं मागणं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे बा. सी. मर्ढेकरांच्या एका प्रार्थनेविषयी. 'भंगु दे काठिन्य माझे' ही ती कविता.

मर्ढेकर म्हटलं की आधी आठवतात ते त्यांच्या कवितेतले, ओल्या पिपात मेलेले उंदीर. १९४७ साली 'काही कविता' हा संग्रह आला आणि मराठी वाचक हादरला. पुढे अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली, असं मला वाटतं. यंत्रात आणि गर्दीत पिळून निघालेल्या माणसाबद्दल लिहिणारा हा कवी लिहीत होता ओवी-अभंगाच्या वळणानं. ज्ञानोबा-तुकोबांची भाषा त्याला उसनी आणावी लागली नाही, ती घरचीच होती. घरची राहिली नव्हती ती श्रद्धा. तिच्यासाठी त्याला नव्यानं हात पसरावे लागले.

आणि मागितलं काय? 'भावनेला येउ दे गा शास्त्रकाट्याची कसोटी.' संतांनी देवाकडे भाव मागितला. मर्ढेकर त्याच देवाकडे तो भाव तोलून बघण्याची ताकद मागतात! श्रद्धेपायी बुद्धी गहाण टाकायला हा माणूस तयार नाही. तरीही पुढे म्हणतो, 'वाकु दे बुद्धीस माझ्या तप्त पोलादाप्रमाणे.' तापलेलं पोलाद वाकतं, पण पोलादच राहतं. नम्रतेचं इतकं कणखर चित्र मराठी कवितेत मला दुसरं सापडलेलं नाही.

मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते. बोललेला शब्द हे त्यांचं रोजचं काम. म्हणून या ओळी माइकसमोर म्हणताना मी फार सांभाळून म्हणते:

राहु दे स्वातंत्र्य माझे
फक्त उच्चारांतले गा;
अक्षरां आकार तूझ्या
फुप्फुसांचा वाहु दे गा.

उच्चार माझा, श्वास तुझा. देवाला फुप्फुसं देणारा हा कवी डोळे मिटून ध्यानाला बसलेला नाही. शब्द छातीतून कसा निघतो, हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

शेवटी तो स्वतःला 'शब्दवाही मी भिकारी' म्हणवतो आणि देणारा म्हणून मुरारीचं नाव घेतो. कुणी याला आधुनिक कवीची माघार म्हणेल. मी म्हणणार नाही. शास्त्रकाट्याची मागणी याच प्रार्थनेत आहे, आणि ती त्यानं कुठेही मागे घेतलेली नाही.