मोंटेव्हिडिओत टूरची बस लागतच नाही

सकाळी क्रूझची बोट धक्क्याला लागली की टूर घेतलेल्यांची खाली उतरायची घाई सुरू होते. जाऊ दे त्यांना. उरुग्वेच्या या राजधानीत बंदराचं गेट ओलांडलं की समोरच जुनं शहर, सिउदाद व्हिएखा, पायी पाच मिनिटं पण नाही.

पण आधी बंदरातच ठेवलेला हा अवाढव्य नांगर बघून घ्या. ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेचा आहे. डिसेंबर १९३९, तीन शत्रू युद्धनौकांशी लढून मार खाल्लेली ही बोट इथे आसऱ्याला आली, उरुग्वे तटस्थ देश, त्यांनी ७२ तासांची मुदत दिली, बाहेर ब्रिटिश टपून बसलेले. शेवटी १७ तारखेला कॅप्टन लांग्सडॉर्फने बोट बंदराबाहेर नेली आणि स्वतःच उडवून दिली, किनाऱ्यावर बघायला ही गर्दी. तीन दिवसांनी त्याने ब्युनोस आयरेसमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली.

आता जेवण. मेर्कादो देल पुएर्तो, १८६८ चं मार्केट, वर लोखंडी छप्पर आणि खाली नुसता धूर. जाळी जरा तिरकी असते, बाजूच्या लोखंडी पिंजऱ्यात लाकडं जळतात आणि माणूस निखारे ओढून ओढून मटणाखाली सारत राहतो, तासभर बघत बसलं तरी कंटाळा येत नाही. शाकाहारींचे हाल आहेत खरे, पण भाजलेलं चीज मिळतं, आणि गावातल्या पिझ्झाच्या दुकानात फाइना मागा, चण्याच्या पिठाची असते, आपल्या बेसनाच्या पोळ्याची जाड बहीणच.

सारांदी रस्त्याने सरळ चालत गेलं की चौक, तिथे १९२८ चा पालासिओ साल्वो, उंच मनोऱ्याची इमारत. कुणाला देखणा वाटतो, कुणाला भयंकर, मला दोन्ही वाटतो. रविवार असेल तर जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद, मग सरळ रांब्लावर जा, वीसेक किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता. पाणी तपकिरी दिसतं कारण हा समुद्र नाही, रिओ दे ला प्लाता नदी आहे, गाळ घेऊन येणारी. इथले लोक चालताना पण काखेत थर्मास आणि हातात माते, म्हणजे इथला पाल्याचा कडवट चहा, सोडतच नाहीत.

एकच सांभाळा, घड्याळ बोटीच्या टायमावर ठेवा. बोटवाल्यांच्याच टूरची बस लेट झाली तर सहसा थांबतात, एकट्याने फिरणाऱ्यासाठी थांबतीलच असं नाही, म्हणून दिलेल्या वेळेच्या तासभर आधी गेटवर हजर.