दगड जिथला तिथे

नमस्कार श्रोतेहो.

पहिली-दुसरीच्या मुलांना वसंतात शाळेबाहेर न्यायचं, तर बरोबर काय घ्यावं? माझं उत्तर आहे, हातभर सुतळी.

पहिल्या वेळी मी ती घेतली नव्हती. तासभर पोरांना चालवलं. हे अमुक झाड, तो तमुक पक्षी, माझी टकळी चालूच. परतल्यावर विचारलं, काय काय पाहिलंत? एक जण म्हणाला, "सर, तुमच्या पाठीवर सुरवंट होता." मग तेव्हाच का नाही बोललास? "तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलायचं नाही."

पुढच्या वेळेपासून दोघांत एक सुतळी. टोकं बांधून जमिनीवर गोल टाकायचा, पालथं पडायचं आणि दहा मिनिटं त्या गोलातच बघायचं. सुरुवातीला "सर, इथे काहीच नाही" असा ओरडा होतो. त्याला उत्तर द्यायचं नाही, हे आपल्याला फार जड जातं. मग कुणाला तरी मुंग्यांची रांग सापडते. रांगेवरून आडवं बोट ओढलं, की मुंग्या तिथे येऊन थबकतात, इकडेतिकडे करतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वाट धरतात. "त्यांना आपलं बोट दिसलं!" असं मुलं म्हणतात. म्हणू द्यावं. शेजारी दुसरी रेघ नुसती बोट न टेकवता ओढायला सांगावं. मुंग्या वासाच्या वाटेने चालतात, हे मग त्यांचं त्यांनाच उमगायला लागतं.

खरी गंमत दगडाखाली असते. दगड मोठ्या माणसानेच उचलावा. पलीकडची कड वर करून तो आपल्याकडे कलता करावा. खाली काही चावरं निघालंच, तर मध्ये दगडाची आड राहते. ओलसर जागा असेल तर करड्या रंगाचे, चिलखत घातल्यासारखे छोटे जीव हमखास सापडतात. त्यांचे पाय मोजायला लावा. मुंगीचे ६, कोळ्याचे ८, आणि याचे? भांडणं होतात. मोठ्या जिवाचे भरतात १४. हा कीटक नाहीच, खेकडा-कोळंबीचा भाऊबंद आहे, हे सांगितलं की वर्ग चिडीचूप! त्याला श्वासासाठी ओलावा लागतो, म्हणून दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. नियम म्हणून सांगितला तर मुलं विसरतात. पाय मोजून झाल्यावर दगड ठेवायला तीच घाई करतात.

पालवीचं मात्र एका दिवसात भागत नाही. प्रत्येकाने एक डहाळी निवडून तिला रंगीत दोरा बांधायचा आणि दर आठवड्याला तिचंच चित्र काढायचं. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहानग्यांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. नाव नुसतं शोभेचं नव्हतं. तिथे मुलांना स्वतःचे वाफे असत. आपल्याकडे वाफा नसला तरी "माझी डहाळी" चालते. बऱ्याच झाडांची कोवळी पानं तांबूस असतात. तो रंग नाजूक पानाचा कडक उन्हापासून बचाव करतो आणि पान जून होत गेलं की हिरवा वर येतो. हे आधी सांगू नका. पहिल्या आठवड्यात हिरवा खडू उचललेलं पोर तिसऱ्या आठवड्यात "आधी लाल होतं ना?" म्हणत आपलंच जुनं चित्र उलटून बघतं.

घरट्याजवळ मात्र कुणालाही जाऊ देऊ नका. लांबूनच बघायचं, पक्षी चोचीत काय घेऊन येतोय ते.

एका मुलीच्या डहाळीवरचं सगळ्यात मोठं पान पाचव्या आठवड्यात अर्धं कुरतडलेलं निघालं. ती कागद घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "सर, असं फाटकं काढलं तर चालेल?" चालेल म्हटलं. तिने पान नंतर काढलं. आधी अळी काढली, पानापेक्षा मोठी.