घाट चढताना मोटरचा कोणता आकडा खरा?

नमस्कार. विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या माहितीपत्रकात मोटरच्या शक्तीचे बहुधा दोन आकडे असतात: थोडाच वेळ मिळणाऱ्या शक्तीचा मोठा, आणि सलग मिळणाऱ्या शक्तीचा लहान. मोठा आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. लहान आकडा, दिलाच असेल तर, शेवटच्या तक्त्यात सापडतो. कात्रज, दिवे आणि बोर घाट ज्या शहराच्या वाटेवर आहेत, त्या पुण्यातल्या ग्राहकाने तो लहान आकडा आधी वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्राइव्ह युनिटमध्ये, म्हणजे चाके फिरवणाऱ्या यंत्रणेत, मुख्यतः तीन भाग येतात: बॅटरीच्या डीसी विजेपासून तीन फेजची एसी वीज तयार करणारा इन्व्हर्टर, तिच्यावर फिरणारी मोटर, आणि मोटरचे फेरे कमी करून चाकाला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून देणारा गिअरबॉक्स. मोटारींमध्ये आता हे तिन्ही भाग अनेकदा एकाच कवचात बसवतात.

आता घाटाचा हिशेब करू. प्रवाशांसह 18 टन वजनाची बस सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने चालली आहे आणि टायरचा विरोध वजनाच्या 1 टक्का आहे, असे धरले, तर चाकांना सुमारे 15 किलोवॉट शक्ती पुरते. या वेगाला हवेचा विरोध किरकोळ असतो. पण तीच बस त्याच वेगाने 20 मीटरला 1 मीटर असा चढ चढू लागली, की गरज सुमारे 88 किलोवॉटवर जाते. शिवाय ही गरज सिग्नलवरून सुटतानाच्या चार-पाच सेकंदांपुरती नसते. माथा येईपर्यंत ती कायम राहते.

अडचण इथेच सुरू होते. मोटरकडून दुप्पट टॉर्क घ्यायचा, तर प्रवाहही साधारण दुप्पट द्यावा लागतो. मात्र तांब्याच्या वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती चौपट होते. थोडा वेळ ही उष्णता मोटरच्या धातूतच मुरते, म्हणून मोठा आकडा खोटा नसतो, पण तो अल्पकाळापुरताच खरा असतो. त्यानंतर जेवढी उष्णता पाणी किंवा तेल बाहेर नेऊ शकेल, तेवढीच शक्ती सलग मिळते. तापमान मर्यादेजवळ पोहोचले की इन्व्हर्टर स्वतःच प्रवाह कमी करतो आणि चालक म्हणतो, गाडी ओढत नाही.

मोटरमध्ये कायम चुंबक असतील, तर धोका आणखी वाढतो. निओडिमियमचे चुंबक फार तापले, तर त्यांचे चुंबकत्व कायमचे घटू शकते. ते टिकावे म्हणून त्यांत डिस्प्रोसियमसारखी मूलद्रव्ये मिसळतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने अशा काही मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यावर वाहन उद्योगाची एवढी धावपळ का झाली, हे यावरून कळेल. इंडक्शन मोटरला चुंबक लागत नाहीत, पण तिच्या रोटरमध्येही, म्हणजे फिरणाऱ्या भागातही, प्रवाह वाहतो आणि तोही तापतो, त्यामुळे थंड करण्याच्या व्यवस्थेतून तिचीही सुटका नाही.

सलग शक्ती मोजण्याची पद्धत आपल्याकडे ठरलेली आहे. वाहनांसाठीच्या एआयएस-041 या भारतीय मानकात निव्वळ शक्तीबरोबर 30 मिनिटे सलग टिकणारी कमाल शक्तीही मोजली जाते, आणि एआयएस मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था तर आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. रेल्वेला हा विचार नवा नाही. विद्युत इंजिनांना एका तासाचे आणि सलग असे दोन वेगळे आकडे देण्याची प्रथा तिथे जुनी आहे. 37 फुटांना 1 फूट चढणाऱ्या बोर घाटातून गाड्या ओढताना त्यांतला कोणता आकडा उपयोगी पडत असेल, हे वेगळे सांगायला नको.

चाकणच्या कारखान्यांसाठी फोर्कलिफ्ट घेणाऱ्यांनाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिच्या तक्त्यात चाकाच्या मोटरपुढे बहुधा ‘एस2, 60 मिनिटे’ असे लिहिलेले असते, तर माल उचलणाऱ्या पंपाच्या मोटरपुढे ‘एस3, 15 टक्के’. पहिल्याचा अर्थ, थंड स्थितीतून सुरू केल्यास ती शक्ती 60 मिनिटे मिळेल. दुसऱ्याचा अर्थ, कामाच्या प्रत्येक आवर्तनात मोटर 15 टक्के वेळच चालेल असे गृहीत धरले आहे. ट्रक भरताना तुमचा पंप त्याहून जास्त वेळ चालत असेल, तर पुरवठादाराकडून त्या प्रमाणाचा आकडा लेखी मागून घ्या.