डबा फोडणारी दोन चाकं

नमस्कार श्रोतेहो.

अन्न टिकवायच्या बंद पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड यांनी घेतलं १८१० साली. आणि तो फोडायचं हत्यार, म्हणजे ओपनर, आलं १८५५ मध्ये, रॉबर्ट येट्स यांचं. मधली पंचेचाळीस वर्षं लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत. तेव्हाचा पत्राही चांगला जाड असे.

येट्स यांचं हत्यार काय, किंवा १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी पेटंट घेतलेलं काय, दोन्हींत पातं खुपसायचं आणि जोर लावत पुढे सरकायचं. कड निघायची करवतीच्या दातांसारखी. मग १८७० साली विल्यम लायमन यांनी गोल फिरणारं पातं आणलं. पण ते जागेवर टिकेना, घसरायचं. हा प्रश्न सुटला १९२५च्या सुमारास, दुसरं एक दातेरी चाक जोडल्यावर.

हे दुसरं चाक काहीच कापत नाही, आणि तरी माझ्या मते सगळा ओपनर त्याच्यात आहे. डब्याच्या तोंडाला जी उभी कड असते ना, तिच्यात झाकणाचा आणि डब्याचा पत्रा एकमेकांत दुमडून दाबलेला असतो. दातेरी चाक खालून ती कड धरतं. तुम्ही चावी फिरवता तेव्हा खरं तर तेच फिरतं आणि डब्याला पात्याखालून पुढे ओढत नेतं.

माझा ओपनर मध्ये सारखा घसरायला लागला होता. दोन बोटं कापता कापता राहिली. पातं बोथट झालं म्हणून मी तो टाकून देणार होते. उजेडात धरून पाहिलं, तर पातं ठीक होतं. दातेरी चाकाच्या खाचा मात्र वाळलेल्या रसाने बुजून गुळगुळीत झाल्या होत्या. गरम पाण्यात अर्धा तास भिजवला, जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या, आणि पुढचा डबा एका दमात उघडला. तेव्हापासून दर वेळी धुते आणि लगेच कोरडा पुसते, कारण ओला राहिला की खिळ्यापाशी गंज धरतो.

आणखी एक, हे कृपा करून कराच. कापलेलं झाकण सुटं टाकू नका. ते रिकाम्या डब्यात टाका आणि डब्याचं तोंड दाबून चपटं करा. तुमच्यानंतर त्या डब्याला कचरा वेगळा करणाऱ्या माणसाचा हात लागतो.